मदत हवी आहे: आईच्या सोरायसिससाठी अडालिमुमॅब की सेक्युकिनुमॅब?

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. आईला बरीच वर्षं सोरायसिस आहे, कोपर, गुडघे आणि डोक्यात खपल्या. मलमं झाली, मेथोट्रेक्सेट झालं. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) वाढला म्हणून ते बंद केलं. हल्ली सकाळी तासभर बोटं आखडलेली असतात, कुकरचं झाकण लावणंही जमत नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीतला ठरावीक रेणू अडवणारं) इंजेक्शन सुचवलंय आणि वरचे दोन पर्याय दिलेत.

मला समजलं ते असं: प्रतिकारपेशी रेणूंमार्फत एकमेकींना निरोप धाडतात. आयएल-२३ या रेणूचा निरोप आला की टी पेशी (प्रतिकारपेशींचाच एक प्रकार) आयएल-१७ हा रेणू सोडतात. मग त्वचेच्या ज्या पेशींना वर यायला एरवी महिनाभर लागतो, त्या चार-पाच दिवसांत वर येऊन थर साचतात. टीएनएफ नावाचा दुसरा एक रेणू त्वचेतला दाह आणखी वाढवतो. अडालिमुमॅब टीएनएफला अडवतं, सेक्युकिनुमॅब आयएल-१७ए ला (आयएल-१७ चाच एक प्रकार).

काळजी ही, की आजोबांना टीबी होता आणि त्यांचं सगळं आईनेच केलं. यामुळे निवड बदलते का? मँटू टेस्ट (टीबीसाठीची त्वचेवरची चाचणी) पुरेशी आहे का? पुढच्या भेटीत नेमकं विचारायचंय. तिला बरं वाटावं, एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद

ताई, टीबीचं सगळ्यात आधी सांगा. सुप्त जंतू फुफ्फुसातल्या गाठींत कोंडून ठेवायला टीएनएफच लागतो. तो अडवला की टीबी उलटू शकतो. सेक्युकिनुमॅबमध्ये हा धोका बराच कमी, तरी तपासणी दोन्हींआधी करतात. बीसीजी लसीमुळे मँटू फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून इग्रा ही रक्ततपासणी आणि छातीचा एक्सरे यांबद्दल विचारा. सुप्त टीबी निघालाच तरी घाबरू नका. आधी प्रतिबंधक गोळ्या सुरू करतात, इंजेक्शन त्यानंतर.

सांध्यांवर दोन्ही चालतात. त्वचा मात्र आयएल-१७ अडवल्यावर सहसा जास्त साफ होते. आईंना क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याच्या दाहाचे आजार) असेल तर ते आवर्जून सांगा, कारण तिथे आयएल-१७ वरची औषधं टाळतात. अडालिमुमॅबचं भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध) २०१४ पासून मिळतं, खर्चाचा विचार असेल तर तेही विचारा.

आणि बोटांसाठी संधिवाततज्ज्ञांची वेळ लगेच घ्या, यात चालढकल नको. सोरायसिसच्या संधिवातात सांध्याची झालेली झीज भरून येत नाही.