परदेशी राहून आलेल्याला आपले घर अधिक नीट दिसते का?

ओसरी (चर्चेची सुरुवात)

नोकरीनिमित्त जर्मनीतील स्टुटगार्ट येथे साडेतीन वर्षे राहून मी गेल्या वर्षी पुण्याला परतले. स्टुटगार्टला गेल्यावर पहिल्याच महिन्यात एका सकाळी आमच्या दाराबाहेर एक छोटी पाटी अडकवलेली दिसली आणि तिच्यावर ‘केरवोखे’ असे लिहिलेले होते. वोखे म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे झाडणे; आपल्या ‘केर’ शब्दाशी तो जुळतो, हा केवळ योगायोग असावा, पण मला तो अजून विसरता आलेला नाही. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा. मोठी पाळी आली की अंगण आणि घरासमोरचा पदपथही झाडायचा, असा त्या भागातला जुना रिवाज आहे. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे दंतवैद्य शनिवारी जुनी विजार चढवून बादली घेऊन उतरत, आणि त्यात कोणालाही काही विशेष वाटत नसे.

माझी पहिली पाळी मात्र मी पहाटे, कोणी उठण्याआधी, उरकली. नंतर विचार केला, की मी नेमकी कोणापासून लपत होते? त्या इमारतीत मला पाहून कोणाच्याही भुवया उंचावल्या नसत्या. मी लपत होते ती हजारो किलोमीटर मागे राहिलेल्या माझ्याच माणसांच्या नजरेपासून. पुण्यातील आमच्या सोसायटीचा जिना जी बाई अकरा वर्षे झाडत होती, तिचे नाव मला ठाऊक नव्हते. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या आमच्या घरात तिच्यासाठी एक वेगळा कप होता आणि तो मोरीजवळच्या फळीवर पालथा घातलेला असे. आपली स्वच्छता उंबरठ्याशी संपते आणि तिच्यात साफसफाईपेक्षा सोवळ्याचा अंश अधिक आहे, हे मला तिथे राहिल्यावाचून कळले नसते, असे माझे मत आहे. आपणा सर्वांचा अनुभव काय?

दगडफूल

आपला प्रामाणिकपणा मान्य, निष्कर्ष मात्र अमान्य. जे दिसण्यासाठी आपल्याला स्टुटगार्ट गाठावे लागले, ते आपल्याच जिन्यावर रोज सकाळी आठ वाजता हातात झाडू घेऊन उभे होते. त्या बाईला आपली संस्कृती समजून घेण्यासाठी पारपत्र काढावे लागलेले नाही.

उदाहरणेच द्यायची तर गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) घ्या. ते ज्या गावात जात तिथे आधी खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनात गावकऱ्यांच्या मनातला केर काढत. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन घ्या. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले; उच्च जातीच्या कैद्याला ते देता येत नाही म्हणून ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्नाचा त्याग केला आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला. यांपैकी कोणाला ही दृष्टी परक्या देशाने दिली? उलट, आज पुण्यात क्वचितच अशी सोसायटी सापडेल जिथल्या एखाद्या घरातले कोणी परदेशी जाऊन आलेले नाही, आणि तरीही जिने कोण झाडते, हे आपण जाणताच. प्रवासानेच डोळे उघडत असते, तर एव्हाना त्या पाट्या कोथरुडात लागल्या असत्या.

तिरफळ

दगडफूल, आपण अप्पासाहेबांचे नाव घेतलेत, पण त्यांना जिथून प्रेरणा मिळाली त्या गांधीजींचे काय? लंडन आणि त्यानंतर दक्षिण आफ्रिका, इतका काळ परमुलखात काढल्यावरच १९०१ च्या कोलकाता काँग्रेसमध्ये तिथली शौचालये पाहून त्यांनी स्वतः झाडू मागवला. बाकीचे प्रतिनिधी त्याच घाणीच्या शेजारी दिवसभर ठराव मांडत होते.

त्याहून मोठा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. १९१३ पासूनची न्यूयॉर्क आणि लंडन येथील वर्षे आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकणारी होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे; आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास उतरल्यावर ‘राहायचे कुठे?’ या एका प्रश्नाने ती सगळी परत आली. पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते काही दिवस राहिले आणि शेवटी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अपमान काय असतो, हे त्यांना साताऱ्याच्या शाळेतच कळले होते. ते शिकायला अमेरिकेत जाण्याची गरज नव्हती. पण तो अपमान नसलेले साधे, रोजचे जगणे कसे असते, हे इथे राहून त्यांना कोणी आणि कसे दाखवले असते? ओसरीताईंचा मुद्दा मला त्याच जातीचा वाटतो (शब्द चुकीच्या ठिकाणी आला, पण राहू द्या): दोष इथेही दिसतो, पण तो दोष अटळ नाही, हे पाहायला बाहेर पडावे लागते.

दगडफूल

गांधीजींबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. ते बारा वर्षांचेही नसताना त्यांच्या घरी उका नावाचा सफाई कामगार येत असे आणि त्याला शिवायचे नाही, असे घरी बजावलेले असे. ही गोष्ट चुकीची आहे, असा वाद आपण तेव्हाच आईवडिलांशी घालत असू, असे त्यांनी १९२१ च्या एका भाषणात सांगितले होते. तेव्हा ते कोणत्याही बोटीवर चढलेले नव्हते. बोटीने त्यांना धैर्य दिले असेल, प्रश्न मात्र राजकोटच्या घरातच पडला होता.

बाबासाहेबांच्या बाबतीत मात्र मी माघार घेतो. ‘अपमान नसलेले जगणे’ हा आपला मुद्दा मला आधी सुचला नव्हता. तरीही एक भेद सोडता येत नाही. त्यांना परदेशात जे मिळाले ते हक्काचे होते आणि इथे नाकारलेले होते. ओसरीताईंना परदेशात जे करावे लागले ते इथे दुसऱ्याच्या माथी मारलेले होते. या दोन अनुभवांना एका ओळीत बसवले, तर वरच्या पायरीवरच्या माणसाचा अवघडलेपणा खालच्या पायरीवरच्या माणसाच्या वेदनेइतका मोठा दिसू लागतो, आणि अशी पश्चात्तापाची प्रवासवर्णने मराठीत आधीच उदंड झालेली आहेत.

कातळसडा

मी हॅम्बुर्गला सहा वर्षे होतो. केरवोखे ही त्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या लोकांची खासियत असून उर्वरित जर्मनीत तिची चेष्टाच होते. कार्यालये, रुग्णालये, स्थानके रात्री झाडणारे हात तिथेही बहुतेकदा स्थलांतरितांचेच असतात. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून जे ‘पाहुणे कामगार’ आणले गेले, त्यांच्या वाट्याला यजमानांना नको असलेलीच कामे आली. म्हणजे झाडू त्यांनीही दुसऱ्याच्या हाती दिलाच आहे. फक्त घराचा जिना त्यातून वाचला.

शिवाय परदेशी गेल्यावर केवळ लाजच का वाटावी? तिथे रस्त्याकडेला टाकून दिलेली धडधाकट कपाटे आणि खुर्च्या पाहिल्यावर मला आजीच्या गोधडीची, रद्दीवाल्याच्या तराजूची आणि जुन्या लुगड्यांवर पातेले देणाऱ्या बोहारणीची किंमत कळली. घरी असताना त्या गोष्टी मला गरिबीच्या खुणा वाटत असत.

ओसरी

कातळसडा, गोधडीचे मान्य. बोहारणीबद्दल मात्र मी साशंक आहे. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारोदार हिंडे, आणि आपण तिच्याशी एका वाटीसाठी अर्धा तास घासाघीस करत असू, हेही त्याच आठवणीचे अंग आहे.

दगडफूल, आपल्या ‘पश्चात्तापाच्या प्रवासवर्णना’ने मी दुखावले गेले, पण पुढे जे घडले ते सांगितले तर आपलेच म्हणणे बळकट होईल. परतल्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेत मी प्रत्येक घराने पाळीने जिना झाडावा, असा ठराव मांडला. कोणी हसले, कोणी कंबरदुखी सांगितली. खजिनदारांनी ‘मग बाईचा पगार वाचेल’ एवढेच टिपून घेतले. दुसऱ्या दिवशी जिन्यातच तिने मला गाठले आणि विचारले, “ताई, तुम्ही सगळे झाडायला लागलात तर माझे पैसे कापणार का?” स्टुटगार्टहून आणलेल्या कल्पनेत या प्रश्नाला जागाच नव्हती, कारण त्या जिन्यावर कोणाचे पोट चालत नव्हते. मी ठराव मागे घेतला. आता तिच्या पगाराला हात न लावता, प्रत्येकाने आपला ओला आणि सुका कचरा वेगळा करून स्वतः खाली नेऊन टाकावा, एवढेच मागते आहे. तेही पुढच्या सभेवर ढकलले गेले आहे.

दगडफूल

दुखावण्याचा हेतू नव्हता, क्षमस्व. एकच विचारतो, कपाचे पुढे काय झाले?

ओसरी

तो फळीवरून काढला. आता ती आमच्याच कपातून चहा घेते. पण मी खुर्ची पुढे केली, की आधी आईच्या तोंडाकडे पाहते आणि मग जमिनीवरच बसते.