वटवाघळाला पंख म्हणायचं की पडदा?

पूर्णाकाठ: परभणीतल्या शाळांसाठी विमानाच्या इतिहासाचे तक्ते मराठीत करतेय. फ्रेंच अभियंता क्लेमाँ आदेरच्या ‘एओल’ या विमानाला (१८९०) ‘वटवाघळाच्या पंखांचे विमान’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ‘पंख’ खोडून ‘चर्मपटल’ केलं, कारण पिसं नाहीत. हे बरोबर आहे का?

वेरूळवाट: नाही. पंख ‘पक्ष’वरून आला आणि पक्ष म्हणजे बाजू. त्यात पिसांची अट नाही. विमानाला पंख चालतात, मग वटवाघळानंच काय घोडं मारलंय? शिवाय एओलला कातडं कुठं होतं? सांगाड्यावर कापड ताणलेलं होतं.

जुनी पोथी: अमरकोशात वटवाघळाला ‘अजिनपत्रा’ म्हटलंय. अजिन म्हणजे कातडं, पत्र म्हणजे पंख. तयार शब्द असताना ‘चर्मपटल’ कशाला घडवायचा?

वेरूळवाट: पंख हा अख्खा अवयव, पडदा त्याचा एक भाग. दंड, कोपर, मनगट, पुढे चार लांब बोटं. अंगठा मोकळा, नखीचा. भिंतीवर सरपटताना तोच टेकतो. पडदा खांद्यापासून मनगटापर्यंत, बोटांच्या मधे, करंगळीपासून कुशीपर्यंत आणि बहुतेक जातींत दोन पायांमधेही. करंगळी खाली वाकली की पडद्याला बाक येतो, उचल वाढते. नुसतं ‘पटल’ लिहिलं तर ही बोटंच गळाली.

शिवणकाम: बॅटविंग बाहीतही हेच. मुंढा, म्हणजे बाही जोडायची खांद्याची गोलाई, कापत नाहीत; बाही नि अंग एकाच कापडात, शिवण मनगटापासून कमरेकडं तिरकी. ती फार खाली गेली तर हात वर करताच अख्खा कुर्ता ओढला जातो. काखेत चौकोनी तुकडा जोडला की सुटतो. बाहीला मात्र पंख म्हणू नये, पडदाच तो.

पूर्णाकाठ: मग बी-२ बॉम्बरला ‘बॅटविंग’ म्हणतात ते? तो पंख तर ताठ, मिटत नाही, बाक बदलत नाही.

वेरूळवाट: ते नुसतं खालून दिसणाऱ्या आकारावरून. एओलचे पंख निदान मिटायचे तरी.

बालाघाट: एवढी ओढाताण कशाला? दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारी वाटेत, दिसतेत त्यांना इकडं पाकोळ्याच म्हणतेत.

जुनी पोथी: पाकोळी हा पक्षी. वळचणीला पिसं नि काड्या थुंकीनं चिकटवून घरटं करते.

बालाघाट: लहान वटवाघळालाही म्हणतेत. दोन्ही तिन्हीसांजेला एकाच आभाळात किडे धरतेत.

जुनी पोथी: नीट बघा. पाकोळीचा पंख कोयत्यासारखा ताठ. वटवाघळाचा वर जाताना दर वेळी अर्धा मिटतो.

बालाघाट: म्हणजे तुम्हीही पंखच म्हणालात.