उडता पक्षी धूसर येतो, काय चुकतंय?

बसलेल्या खंड्याचे फोटो आता बरे येतात, पण तो उडाला की संपलं. रविवारी सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाळीवर दोन तास उभी होते. नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालत होता, चोच खाली, नजर पाण्यात. ३०० फोटो काढले. घरी पाहिलं तर पलीकडची झाडं लख्ख अन् पक्षी धूसर. एखाद्यात पक्षी स्पष्ट, तर एक पंख फ्रेमबाहेर. शटर १/५०० सेकंद, लेन्स ७०-३०० मिमी. मला त्याचा पाण्यात सूर मारतानाचा क्षण हवाय. सुरुवात कुठून करू?

गायबगळा:
ताई, सुरय आत्ताच नको, फार चपळ आहे तो. मी अख्खा एक हिवाळा गायबगळ्यांवर काढला. संध्याकाळी ते थव्याने झाडांवर परततात, संथ, जवळजवळ सरळ रेषेत. हात तिथेच बसतो.

शटर १/२००० ठेवा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढला तर वाढू द्या. फोटोत दाणे दिसले तरी चालतात, हललेला फोटो कशानेच सुधरत नाही. फोकस सतत चालणारा हवा, म्हणजे कॅननचा एआय सर्व्हो किंवा निकॉनचा एएफ-सी. मागे झाडं असली तर सगळे फोकस पॉइंट चालू ठेवू नका, कॅमेरा झाडंच धरतो. मधले मोजकेच ठेवा. पंख कापला जातो कारण तुम्ही थेट ३०० वर शोधता. १५०-२०० वर पक्षी धरा, मग झूम करा. कोपरं बरगड्यांना टेकवा, कमरेतून वळा, अन् क्लिक झाल्यावरही वळत राहा. बहुतेक जण तिथेच थांबतात.

अजून एक, वारा पाठीवर घ्या. पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उठतो अन् उतरतो, म्हणजे तो तुमच्याकडे तोंड करून येईल.

घारवाला:
वरचं सगळं बरोबर. फक्त उजेड सांभाळा. आकाशातली घार काळी पडते, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ द्या. गडद पाण्यावरचा बगळा पांढराफटक होतो, तिथे –१. अंबाझरीच्या पाळीवर सकाळी सूर्य पाठीशी असतो. फुटाळा तलावाच्या चौपाटीवर संध्याकाळी तो समोर येतो, नुसत्या सावल्या मिळतात.

मूळ प्रश्नकर्ती:
भाऊ, चार संध्याकाळी बगळेच टिपले. काल ४० मधले ६ स्पष्ट आले. एकात डोळा दिसतोय, मान आत ओढलेली, पाय शेपटीमागे ताणलेले, बोटं एकमेकांना चिकटलेली. इतकी वर्षं रोज डोक्यावरून जातात, पाय असे ठेवतात हे काल पहिल्यांदा पाहिलं. आज वारा फिरलाय, पाळीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहते.