प्रवाशाला खिडकी हवी की पडदा पुरे? विमान आणि अंतराळयान, दोन्हींबद्दल वाद

पंचवटी डिझाइन:
हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) आणि एअरबस यांच्यात ए320 प्रवासी विमानांच्या देखभालीसाठी 2024 मध्ये करार झाला आणि त्यासाठी नाशिकची निवड झाली. अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या कारखानदारांनी कोणत्या भागांकडे बघावं, हा प्रश्न त्यातून येतोच. माझं मत स्पष्ट आहे: प्रवासी खिडकीत पैसा घालू नका. पुढची विमानं आणि प्रवासी अंतराळयानं बिनखिडकीची असावीत. बाहेर कॅमेरे, आत पडदे.

कारण साधं आहे. दाबाखाली असलेल्या कवचात भोक पाडलं की त्याच्या कडेला ताण वाढतो, मग भोकाभोवती पत्रा जाड करा, चौकट बसवा, रिव्हेट वाढवा. दर खिडकीमागे वजन आणि तपासणी वाढते. मालवाहू विमानं खिडक्यांशिवाय वर्षानुवर्षं उडतात. प्रवासी विमान मालवाहू करताना खिडक्या काढून तिथे धातूच्या चकत्याच बसवतात. एमिरेट्स विमान कंपनीने 2017 पासून बोइंग 777 च्या पहिल्या वर्गात मधल्या कक्षांना कॅमेऱ्यावर चालणाऱ्या आभासी खिडक्या दिल्या आहेत. 1950 च्या दशकातली कॉमेट ही ब्रिटिश प्रवासी जेट विमानं चौकोनी खिडक्यांमुळे फुटली हे तर सगळ्यांना माहीत आहे.

स्ट्रक्चर्स, गंगापूर रोड:
दादा, कॉमेटचं तेवढं नीट करून घेऊ. 10 जानेवारी 1954 ला एल्बा बेटाजवळ पडलेल्या विमानाचे जे तुकडे वर काढले, त्यांत तडा सुरू झाला होता तो छपरावरच्या अँटेनाच्या झरोक्याजवळ, प्रवासी खिडकीशी नव्हे. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या संशोधन केंद्रात पाण्याच्या टाकीत ठेवलेलं दुसरं विमान 3,000 हून थोड्या जास्त दाबफेऱ्यांनंतर (दाब भरून सोडण्याच्या फेऱ्या) फाटलं, तेही संकटकालीन दाराच्या झरोक्याच्या कोपऱ्यापासून. पत्र्यातला ताण अंदाजापेक्षा जास्त होता आणि ठोकून बसवलेल्या रिव्हेटच्या भोकांशी बारीक तडे होते. यातून निघतो तो निष्कर्ष कोपऱ्याच्या त्रिज्येचा आणि भोकाच्या कडेच्या कामाचा आहे. खिडकीच नको, असं त्यातून निघत नाही.

आता आकाराचं गणित बघा. नळकांड्यात परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. गोल भोक पाडलं तर कडेवरचा कमाल ताण परिघीय ताणाच्या अडीच पट होतो. तेच उभं लंबवर्तुळ घेतलं, उंची रुंदीच्या दुप्पट, तर तो कडेवर सगळीकडे सारखा, दीडपट राहतो. म्हणून विमानाची खिडकी उभी असते, शोभेसाठी नाही. बोइंग 787 ची खिडकी साधारण 27 बाय 47 सेंटिमीटर आहे. तिथला दाबफरक सुमारे 65 किलोपास्कल धरला तर एका खिडकीवर 800 किलोच्या आसपास भार येतो. हा भार चौकट रोज पेलते. यात अशक्य असं काही नाही.

ओझर लाइन मेंटेनन्स:
कारखानदारांसाठी लिहितो, कारण खिडकीत पैसा घालू नका हा सल्ला मला पटत नाही. विमान उडतंय तोवर हे काम संपणारं नाही.

प्रवासी खिडकीत तीन तावदानं असतात. बाहेरचं जाड, ताणलेल्या अ‍ॅक्रिलिकचं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं. दाब तेच घेतं. मधलं राखीव, बाहेरचं फुटलं तर दाब घ्यायला. प्रवाशाच्या हाताला लागतं ते तिसरं फक्त ओरखडे झेलतं, त्याच्यावर दाबाचा भार नाही. मधल्या तावदानाला खाली बारीक भोक असतं. त्यामुळे दोन तावदानांमधली हवा केबिनच्या दाबाशी जुळते आणि भार बाहेरच्यावरच राहतो. ते भोक बुजलं तर भार कुठे जातोय ते कळत नाही, शिवाय आत वाफ धरते.

अ‍ॅक्रिलिक ताणलेलं का? साधं ओतीव अ‍ॅक्रिलिक ठिसूळ असतं, तडा सरळ आरपार पळतो. गरम करून दोन्ही दिशांना ताणलं की थर आडवे बसतात आणि तडा अडतो. पण तेच तावदान जास्त तापवलं तर ते आक्रसून मूळ जाडीकडे परत जायला लागतं. म्हणून पॉलिश करताना पॅड एका जागी दाबून धरायचं नाही.

सगळ्यात जास्त खिडक्या बाद होतात त्या बारीक केसासारख्या तड्यांनी. समोरून ते दिसत नाहीत, बॅटरीचा उजेड तिरका मारला की चमकतात. अमोनियाचा काच-क्लीनर, अ‍ॅसिटोन, एमईके, थिनर असल्या द्रावकांनी हे तडे येतात. साबणाचं कोमट पाणी आणि स्वच्छ सुती कापड, एवढंच वापरायचं. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्या, कोरडं तर कधीच पुसू नका. ज्वालामुखीचंही लक्षात ठेवा: 1982 चा एल चिचोन आणि 1991 चा पिनाटुबो यांनंतर वर साचलेल्या गंधकाम्लाच्या थेंबांनी जगभर विमानांच्या खिडक्या लवकर खराब झाल्या होत्या.

ओरखडा घासून काढता येतो, पण बारीक होत जाणाऱ्या ग्रिटच्या (दाण्याच्या) पॉलिश कागदाने, एकेक पायरी न गाळता. शेवटी अल्ट्रासोनिक गेजने, म्हणजे ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या उपकरणाने, जाडी मोजायची. मॅन्युअलमधल्या किमान जाडीच्या खाली गेलं की ते तावदान भंगारात, चकाकी कितीही येवो. पुढे रेघांचा कागद धरून रेघा वाकड्या दिसतात का तेही बघायचं.

पंचवटी डिझाइन:
काका, तुम्ही माझ्याच बाजूचा पुरावा दिलात. इतकी काळजी घ्यावी लागणारे शेकडो भाग एका विमानात का ठेवायचे? 17 एप्रिल 2018 ला अमेरिकेच्या साउथवेस्ट कंपनीच्या बोइंग 737 चं इंजिनाचं पातं तुटलं, तुकड्यांनी खिडकी गेली आणि एका प्रवासी बाईंचा जीव गेला. 10 जून 1990 ला ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच हवेतच उडाली. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 व्यासाने बारीक होते, उरलेले 6 आखूड. काँकॉर्ड या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाच्या खिडक्या इवल्याशा ठेवल्या होत्या, कारण 18 किलोमीटर उंचीवर मोठी खिडकी फुटली तर हवा इतक्या वेगाने जाईल की खाली उतरायला वेळच उरणार नाही. अवकाशात तर उतरायला खाली हवाच नाही.

सातपूर क्यूसी:
1990 ची ती काच बाहेरून बोल्टने बसवलेली होती. खिडकी आतून बसवा, काठ चौकटीपेक्षा मोठा ठेवा. मग केबिनचा दाबच तिला जागेवर दाबून धरतो आणि बोल्टवर भार येत नाही. तो दोष बसवण्याच्या पद्धतीचा होता. बोल्ट काढताना जुन्याचा नंबर न बघता डोळ्यांनी जुळवायची सवय अजूनही शॉपमध्ये दिसते. तिथे शिस्त लावा.

केबिन सेफ्टी, नाशिकरोड:
संकटकालीन दारातून बाहेरची स्थिती दिसलीच पाहिजे असा नियम आहे, कारण बाहेर आग असेल तर ते दार उघडायचं नसतं. म्हणजे सगळ्या खिडक्या काढता येणारच नाहीत.

आणि 8 जानेवारी 1989 चा इंग्लंडमधला केगवर्थचा विमान अपघात आठवा. डाव्या इंजिनातल्या ठिणग्या मागच्या प्रवाशांनी आणि केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी खिडकीतून पाहिल्या होत्या. वैमानिकांनी उजवं इंजिन बंद केलं. 47 जण गेले. खिडकीने खरं काय ते दाखवलं होतं.

पंचवटी डिझाइन:
दाखवलं, पण कॉकपिटपर्यंत ते पोचलं नाही. शेपटीवरचा कॅमेरा असता तर वैमानिकांनी स्वतः पाहिलं असतं. एअरबसच्या ए380 आणि ए350 वर तो आहे. दाराच्या झरोक्याचं मान्य, तेवढे ठेवा. बाकीच्या ओळी बंद करा.

थर्मल, इंदिरानगर:
अंतराळयानाकडे वळू, खरा वाद तिथे आहे. कक्षेतून परतणाऱ्या यानाची खिडकी विमानाच्या खिडकीसारखी बनतच नाही. अ‍ॅक्रिलिक त्या उष्णतेत टिकणार नाही, म्हणून बाहेर फ्यूज्ड सिलिका, म्हणजे उष्णतेने फारशी न प्रसरणारी काच, वापरतात. स्पेस शटलला तीन तावदानं होती: बाहेरचं उष्णतेचं आणि मधलं राखीव सिलिकाचं, आतलं दाब घेणारं टेम्पर्ड (बळकट केलेल्या) अ‍ॅल्युमिनोसिलिकेट काचेचं.

अडचण प्रसरणाची. 80 सेंटिमीटरचा भाग 100 अंशांनी तापला तर अ‍ॅल्युमिनियम 1.8 मिलीमीटरच्या वर वाढतं, सिलिका जेमतेम 0.04. काच धातूला कुठेही टेकली की कडेला चीर पडलीच. म्हणून काच सिलिकोनच्या सीलमध्ये तरंगती ठेवतात. आणि त्या सिलिकोनचीच वाफ निघते: 1968 मध्ये अपोलो 8 या चंद्राकडे गेलेल्या यानाच्या काही खिडक्या त्यामुळे धूसर झाल्या होत्या. सील निर्वात भट्टीत आधी भाजून घेणं हा त्यावरचा उपाय.

दुसरं, काच सतत ताणाखाली असेल आणि पृष्ठभागावर ओलावा असेल तर न दिसणारी चीर हळूहळू वाढत राहते. आज चाचणी पास झालेली काच वर्षभराने त्याच दाबाला फुटू शकते. म्हणून प्रत्येक तावदान कामाच्या भाराच्या कितीतरी वर ताणून तपासतात, आणि तेही कोरड्या हवेत, नाहीतर चाचणीतच चीर वाढते. जून 1983 मध्ये शटलच्या काचेला रंगाच्या एका कणाने काही मिलीमीटरचा खड्डा पाडला आणि ती काच बदलावी लागली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या क्युपोलाला (बाहेर बघायच्या घुमटाला) 2010 पासून सात खिडक्या आहेत, मधली 80 सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर पाच टनांच्या वर भार आहे. प्रत्येक खिडकीला चार तावदानं, आणि काम नसेल तेव्हा बाहेरून झडपा बंद. तरीही ती ठेवली आहे, कारण रोबोटिक हात चालवणाऱ्याला डोळ्यांनी बघावं लागतं.

पंचवटी डिझाइन:
ताई, तो रोबोटिक हात चालवणारा कर्मचारी आहे, तिकीट काढून आलेला प्रवासी नाही.

थर्मल, इंदिरानगर:
प्रवासी तर फक्त बघायलाच येतो! ब्लू ओरिजिन कंपनीच्या न्यू शेपर्ड या प्रवासी यानाच्या खिडक्या सुमारे 73 बाय 108 सेंटिमीटर आहेत. ते यान कक्षेत जात नाही, त्याचा वेग सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास असतो. कक्षेतला वेग 7.8 किलोमीटर, म्हणजे वजनामागे ऊर्जा साठपट. त्यामुळे थोडा वेळ वर जाणाऱ्या यानाला मोठी खिडकी परवडते, कक्षेतल्या यानाला लहान आणि झडपेची. दोघांना एकच नियम लावू नका.

स्ट्रक्चर्स, गंगापूर रोड:
शिवाय कॅमेऱ्यालाही काच लागते, आणि त्याच्या तारा दाबाच्या कवचातूनच आत येतात. पडदे, वीज, थंड करण्याची सोय, एक बंद पडला तर दुसरा, हे सगळं वजनात धरा. दादा, आधी तारेच्या त्या भोकाचं सील आणि त्याचा गळतीचा दर लिहा, मग एका खिडकीच्या वजनाशी तुलना करू.