मदत हवी आहे: अंगणात कुत्री आहेत, माश्या हटतच नाहीत

अंगणवाली:
कुणीतरी लवकर सांगा. माश्यांनी जीव नकोसा केलाय, कुत्री दिवसभर नुसती कान झटकत बसतात, खायला ठेवलं की भांडं काळं होतं. दोनदा स्प्रे मारला, तासाभरात परत तेच. आता काय मारू?

पाऊसवेडा:
कुत्री किती? खाली माती की फरशी? शी कधी उचलता?

अंगणवाली:
३ आहेत. अर्धी फरशी, अर्धी माती. शी रोज संध्याकाळी उचलते, स्वच्छता आहे हो, औषध सांगा.

टॉमीचीआई:
पाण्यात फिनाईल टाकून दोन वेळा पुसा. आम्ही कित्येक वर्षं तेच करतोय.

श्वानसखा:
फिनाईल नको, हात जोडतो. कुत्री तिथेच लोळणार, मग पंजे चाटणार, ते सगळं पोटात जातं.

टॉमीचीआई:
आमच्या टॉमीला कधी काही झालं नाही.

श्वानसखा:
तुम्ही नंतर धुऊन काढत असाल. यांची अर्धी माती आहे, मुरलेलं धुणार कसं?

गच्चीबाग:
केळ्यांवर चिलटं येतात ना, त्याला वाटीत व्हिनेगर आणि साबणाचे दोन थेंब, हमखास उपाय.

पाऊसवेडा:
ताई, चिलटांचं कुणी विचारलं नाही.
अंगणवाली, संध्याकाळी उचलता म्हणजे सकाळची शी दिवसभर पडून असते. माशी एका वेळी १००-१५० अंडी घालते, उकाड्यात ती एका दिवसात फुटतात आणि ७-१० दिवसांत नवी माशी तयार. स्प्रेने फक्त उडणाऱ्या मरतात. केली की लगेच उचला, झाकणाच्या डब्यात टाका, आणि ओलं काय काय राहतं ते शोधा, शू मुरलेली माती, अंथरूण, भांड्याखालची जागा.

मोतीवाला:
माश्यांचा ट्रॅप लावलात तर कुत्र्यांपासून लांब लावा, त्याच्या वासाने उलट जास्त माश्या येतात. विषारी आमिष अजिबात नको, कुत्री खातात. बसायच्या जागी पंखा लावा, वाऱ्यात माशीला नीट बसता येत नाही. आणि कानांची टोकं बघितलीत का?

अंगणवाली:
हो, दोघांच्या टोकाला काळी खपली आहे, मला वाटलं आपसात भांडले.

श्वानसखा:
हे आधी सांगायचं ना! त्या चावणाऱ्या माश्या असणार, रक्त पितात. जखम उघडी राहिली की त्यात अळ्या पडतात. डॉक्टरांना आजच दाखवा, मनाने काही लावू नका. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजरांना विषारी.

टॉमीचीआई:
कानाचं खरंय, डॉक्टरकडे न्याच.

अंगणवाली:
मांजर नाही. आत्ता कोपऱ्यातलं पोतं उचललं, त्यावर धाकटा झोपतो, खालून ओलं गच्च आणि पांढऱ्या अळ्या नुसत्या वळवळत होत्या. अंगावर काटा आला. पोतं फेकलं, दुपारी दोघांना नेतेय. पण खालच्या मातीचं काय करू?

पाऊसवेडा:
ओली आहे तेवढी सगळी खरवडून पिशवीत घट्ट बांधून टाका. अळ्या कोषात जायला कोरड्या कडेला सरकतात, म्हणून भिंतीच्या कडेचीही काढा.