पाळीच्या प्रश्नावलीतली 'अडचण'

प्रश्न : किशोरवयीन मुलींसाठी चालवलेल्या पाळी आणि प्रजनन आरोग्याच्या कार्यक्रमाचं मूल्यमापन करायचं आहे. त्याची प्रश्नावली मी मराठीत लिहिते आहे. एक प्रश्न असा होता : 'गेल्या पाळीच्या वेळी शाळेत काही अडचण आली का?' चाचणीत दोन-तीन मुली म्हणाल्या, 'नाही, अडचण घरीच आली.' मला आधी काही कळेचना. मग लक्षात आलं, त्या पाळी कुठे सुरू झाली ते सांगत होत्या. इथे दुसरा कुठला शब्द वापरावा? 'समस्या' फार पुस्तकी वाटतो.

प्रतिसाद : मुलींचं काहीच चुकलेलं नाही. 'तिला अडचण आहे' म्हटलं की ऐकणारी बाई पुढे काही विचारत नाही. पाळीचं नाव न घेता पाळी सांगणारा हा शब्द आहे, आणि नेमका तोच तुमच्या प्रश्नात आला. माझ्या मते नवा शब्द शोधण्यापेक्षा प्रश्न फोडा. पॅड किंवा कापड बदलायला जागा मिळाली का? दाराला आतून कडी होती का? पाणी होतं का? वापरलेलं टाकायची किंवा धुवायची सोय होती का? बदलताना कोणी बघेल अशी भीती वाटली का? याच धाटणीची 36 विधानांची एक मापनपट्टी 2020 साली प्रसिद्ध झाली. ती शेवटच्या पाळीबद्दलच विचारते, एरवी काय होतं ते विचारत नाही. आठवणीवर भार कमी पडतो आणि उत्तर ठोस मिळतं.

प्रतिसाद : 'अडचण' काढाल, पण 'त्रास'ही तपासा. 'पाळीचा त्रास होतो का?' याला एक मुलगी पोटदुखीसाठी हो म्हणेल, दुसरी जास्त रक्तस्रावासाठी, तिसरी वर्गातली मुलं चिडवतात म्हणून. तिन्ही 'हो' एकाच रकान्यात पडले की त्या आकड्याचं करायचं काय? दुखण्याबद्दल विचारायचं तर 'पोट, कंबर दुखते का, त्यामुळे काही कामं थांबतात का' असं विचारा. रक्तस्रावासाठी बायका 'अंगावरून जाणं' म्हणतात. 'अंगावरून जास्त जातं का' हे मोठ्या बाईला लगेच कळतं, पण बारा वर्षांच्या मुलीनं ते ऐकलेलं असेलच असं नाही. तिला 'रक्त जास्त जातं का' असं सरळ विचारलेलं बरं.

आणखी एक. 'पाळी नियमित येते का?' हा प्रश्न मला धोक्याचा वाटतो. 'मासिक' या शब्दामुळे मुली महिन्याचा हिशेब धरतात, तारीख चुकली की 'अनियमित' सांगतात. पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत 21 ते 45 दिवसांचं अंतर सहसा स्वाभाविक मानलं जातं. त्यापेक्षा मागच्या दोन पाळ्यांच्या तारखा विचारा.

प्रश्नकर्ती : हे फार उपयोगी पडलं. आता अहवालाच्या बाजूचं विचारते. तिथे सगळीकडे 'परिणाम' लिहिलं जातं. किती मुलींना पॅड वाटले, तो परिणाम. किती मुलींना माहिती झाली, तोही परिणाम. शाळेतली हजेरी वाढली, तोही.

प्रतिसाद : वाटप हा परिणाम नव्हे, ते झालेलं काम. तसंच लिहावं : 'इतके पॅड वाटले, इतकी सत्रं घेतली.' मुलीत किंवा तिच्या परिस्थितीत जो बदल झाला त्याला 'निष्पत्ती' म्हणा. 'अध्ययन निष्पत्ती'मुळे शिक्षकांना तो शब्द सवयीचा आहे. 'प्रभाव' मात्र जपून वापरा. कार्यक्रम नसता तर काय झालं असतं, याची तुलना केलेली असेल तरच तो लिहावा.

ही शब्दांची काटेकोर वाटणी कशाला, याचं एक उदाहरण माझ्या कायम मनात असतं. नेपाळमध्ये 198 मुलींचा अभ्यास झाला, 2011 साली तो प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांच्या आसपास मुलींना मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीत पॅडऐवजी वापरायचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे कप, दिले. हजेरीत फरक पडला नाही, कारण पाळीमुळे शाळा बुडण्याचं प्रमाणच नगण्य निघालं, 180 दिवसांच्या शालेय वर्षात अर्ध्या दिवसाहूनही कमी. पण मुलींनी कप वापरले, आणि कापड धुण्यातला वेळ वाचला. 'परिणाम : हजेरी' एवढंच लिहिलं असतं तर कार्यक्रम फसला असं म्हणून फाइल बंद झाली असती. मुलीचा वाचलेला वेळ ही निष्पत्ती नाही का? मला तरी ती मोठी वाटते.

प्रतिसाद : अहवालातला 'निर्देशांक'ही खोडा. तो महागाईचा, शेअर बाजाराचा. बदल झाला की नाही हे दाखवणारी खूण, ती इथे 'निर्देशक'.

प्रतिसाद : कार्यक्रमाच्या नावात 'पाळीची स्वच्छता' असेल तर पुन्हा विचार करा. स्वच्छता म्हटलं की अस्वच्छ काहीतरी आहे हे मुलीनं न बोलता मान्य करायचं. 2021 सालच्या व्याख्येत 'पाळीचं आरोग्य' म्हणजे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य. त्यात वेळेवर माहिती आली, दुखण्यावर उपचार आले, कलंक नसलेलं वातावरण आलं, आणि पाळीच्या दिवसांत कुठे जायचं, काय करायचं हे स्वतः ठरवणंही आलं. स्वच्छता मोजायला पॅडची मोजणी पुरते. हे सगळं मोजायचं तर मुलीशी बोलावं लागतं.

प्रश्नकर्ती : प्रश्न बदलून पुन्हा चाचणी घेतली. 'आतून कडी होती का?' या प्रश्नाला एकीनंही 'म्हणजे काय' असं विचारलं नाही. आता 'प्रजनन' उरला. तेरा वर्षांच्या मुलींना आणि त्यांच्या आयांना तो थेट बाळंतपणाचा शब्द वाटतो आहे.