प्लाय कापायला इलेक्ट्रिक करवत कोणती घेऊ? शनिवारच्या आत सांगा

पूर्वरंग:
लाकूडकामासाठी चांगली इलेक्ट्रिक करवत हवी आहे. शनिवारी नागदेवी स्ट्रीटला जातोय. दुकानदार पुढे करेल ती उचलून आणायची नाही. कंपनी कोणती, वॅट किती? दोन शनिवार चौकशीतच गेले.

दादरकरीण:
कापायचं काय? साग, प्लाय, एमडीएफ? जाडी?

सुतारनातू:
बॉश किंवा मकिता, डोळे झाकून. माझी मकिता ११ वर्षं चालतेय. दोनदा कार्बन ब्रश बदलले, बस.

पूर्वरंग:
प्लायच, १९ मिमी. लेकीला अभ्यासाचं टेबल आणि वर पुस्तकांचं कपाट. जूनमध्ये शाळा सुरू होते.

शिल्पकार_ठाणे:
मग टेबल सॉ घ्या, म्हणजे टेबलातून पातं वर आलेली करवत, १० इंची. एकदा सवय झाली की दुसऱ्या कशाला हात लावणार नाही.

दादरकरीण:
८ बाय ४ फुटांची अख्खी शीट टेबल सॉवर एकट्याने ढकलायची? कुठे? पूर्वरंग, काम नेमकं कुठे करणार?

पूर्वरंग:
बाल्कनीत, तिसरा मजला. शीट दुकानातूनच चार तुकडे करून आणेन, लिफ्टमध्ये अख्खी मावत नाही.

वाळवी_नको:
प्लाय घेताना शिक्का बघा. आयएस ३०३ साधा, आयएस ७१० मरीन. मुंबईच्या पावसात ७१०च घ्यावा.

सुतारनातू:
अभ्यासाच्या टेबलाला मरीन कशाला? करवतीचं बोला. आत्तापर्यंत कशाने कापत होतात?

पूर्वरंग:
घरच्या ४ इंची मार्बल कटरने, लादी कापायच्या. लाकडाचं पातं लावलंय. रेघ दिसत नाही म्हणून पात्यावरचा गार्ड काढून ठेवलाय. कडा फार तुटतात, म्हणून तर नवीन घेतोय.

दादरकरीण:
आज त्या मशीनला हात लावू नका. आधी गार्ड बसवा.

मिस्त्री_भांडुप:
एवढं घाबरवू नका ताई. मुंबईतले निम्मे मिस्त्री कटरवरच फर्निचर करतात. मीही २० वर्षं केलंय.

दादरकरीण:
दादा, तुमचा हात बसलेला आहे, ह्यांचा नाही. कटर मिनिटाला १२-१३ हजार फेरे मारतो, ७ इंची गोल करवत ५ हजारांच्या आसपास. लाकडाच्या पात्यावर कमाल फेरे छापलेले असतात. तुमच्या पात्याचा आकडा कटरपेक्षा कमी असेल तर दात उडू शकतो. शिवाय गोल करवतीचा खालचा गार्ड स्प्रिंगचा असतो, काप संपला की पात्यावर परत येतो. कटरला तसा गार्डच नसतो. माझ्या वडिलांच्या डाव्या अंगठ्याला अशाच मशीनने १४ टाके पडले, म्हणून लिहिते आहे.

मिस्त्री_भांडुप:
ते खरं. गार्ड मीही कधी काढला नाही.

सुतारनातू:
तर ७ इंची गोल करवत, १२०० ते १४०० वॅट. प्लग १६ अँपिअरच्या पॉइंटला लावा. १४०० वॅट म्हणजे ६ अँपिअरच्या वर, बाल्कनीतला छोटा पॉइंट नको. सोबत येणारं पातं बहुधा २४ दातांचं असतं, ते फळी उभी चिरायला ठीक. प्लायला ४० किंवा ६० दातांचं वेगळं घ्या. गोल करवतीचे दात खालून वर येतात, म्हणून चांगली बाजू खाली ठेवून कापा. पात्याची खोली प्लायच्या जाडीपेक्षा ४-५ मिमीच जास्त ठेवा.

दादरकरीण:
सरळ रेघेसाठी ॲल्युमिनिअमची पट्टी दोन सी-क्लॅम्पने आवळा आणि करवतीचा तळ तिला टेकवून चालवा. खाली थर्माकोल अंथरा. दोन्ही तुकडे टेकलेले हवेत, नाहीतर फट मिटते, पातं अडकतं आणि मशीन तुमच्याकडे उसळते. चष्मा आणि मास्क लागतीलच.

अंधेरी_पश्चिम:
माझा भाऊ अमेरिकेतून येतोय, तिथून मागवू का तुम्हाला?

सुतारनातू:
नको. ती १२० व्होल्टची, इथे जळेल.

पूर्वरंग:
गार्ड बसवला. पात्यावर ८५०० लिहिलंय, म्हणजे कटरवर चालवायचं नव्हतंच. शनिवारी ७ इंची घेतोय. ६० दातांचं पातं वेगळं घेताना आणखी काय बघू?

मिस्त्री_भांडुप:
मधलं भोक. नव्या करवतीसोबत आलेलं पातं दुकानातच काढून भोक जुळवून बघा, २० मिमी, २५.४ आणि ३० असे प्रकार असतात. मशीनही तिथेच लावून बघा, तळ हलत असेल तर दुसरी काढायला सांगा.